अप्पांनी प्रवचन थांबवलं

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात लिंगायतांचा मठ होता. तिथल्या स्वामींना सारा गाव अप्पा म्हणायचा. सोळाव्या वर्षी विधवा होऊन मी माहेरी परतले, तेव्हा अप्पांनीच मला लिहायला-वाचायला शिकवलं. पुढं त्यांची नजर गेली. ते सांगत आणि मी वहीत उतरवून घेई. शिव शोधायचा तर समोरच्या माणसात शोधा, हेच ते परोपरीनं सांगत. प्रवचनाला अंगण भरून जाई.

निजामाचं राज्य संपलं तो भाद्रपद होता. त्याआधी रझाकारांनी गावात जाळपोळ केली, त्यात माझा भाऊ गेला. आता सूड उगवणं सुरू झालं. एका दुपारी गाद्या भरणारा मुसलमान पिंजारी बायको आणि लेकीला घेऊन मठात आला.

"अप्पा, आमी कुठं जावं?"

"कुठंच न्हाय. इथंच ऱ्हावा."

भावाच्या आठवणीनं माझं काळीज दगड झालं होतं. तरीही मी त्या मायलेकींना कोठीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पिंजारी अप्पांपाशीच थांबला.

थोड्याच वेळात लोक आले. सगळे रोजचे, प्रवचनाला बसणारे. अप्पा उंबऱ्यावर बसले होते.

"आधी मला उचला," ते म्हणाले.

लोकांनी त्यांच्या पाया पडून त्यांना खरंच उचललं आणि बाजूला बसवलं. पिंजाऱ्याला ओढत नेलं. माझे वडील मागं राहिले. त्यांनी मला विचारलं, "आत कोण हाय?"

"कुणी न्हाय."

माझं खोटं त्यांना लहानपणापासून ओळखू यायचं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि निघून गेले.

पिंजाऱ्याचं प्रेत ओढ्यात सापडलं. दोन दिवसांनी मायलेकी लष्कराच्या गाडीतून गुलबर्ग्याकडं गेल्या. त्यांचं पुढं काय झालं, कळलं नाही.

अप्पांनी प्रवचन बंद केलं. मला म्हणाले, "लिहिलेलं समदं वाच." मी आठवडाभर वाचत होते.

"हे ऐकायला किती माणसं येत होती गं?"

"अंगण पुरत नव्हतं, अप्पा."

"मग म्या इतकी वर्षं काय सांगितलं?"

त्यांनी अन्न सोडलं. मी हातापाया पडले, रडले. ते बधले नाहीत. दिवाळीच्या आधी गेले.

आता समाधीवर देऊळ आहे, यात्रा भरते. वडील थकेपर्यंत दरवर्षी पालखीला खांदा देत राहिले. त्या दुपारबद्दल आम्ही बापलेक कधीच बोललो नाही.