परत आलेला नारळ

आमचे हे पुण्याचे. लग्नाआधी समुद्र पाहिला तो एकदाच, कॉलेजच्या सहलीत, आणि तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. अशा माणसाने पीएचडी कशात करावी, तर समुद्राच्या पाण्यात! आणि मी रत्नागिरीच्या खालच्या अंगाची, अंगणात बसून भरतीच्या आवाजावरून वेळ सांगणारी. ती मी यांच्या मागोमाग जर्मनीत गेले, यांचे डबे भरायला. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट.

कील शहराच्या बाहेर, खाडीच्या तोंडाशी एक उपनगर होतं, तिथे आम्ही वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. लाल विटांची घरं, प्रत्येकापुढे गुडघाभर कुंपण, आणि गल्ली संपली की थेट वाळू. शहरात जायचं तर छोटी बोट. दुकानदार, पोस्टमन, बोटीवरचा तिकीटवाला, सगळे नमस्कार म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच म्हणायचे, ‘मॉइन’. मला वाटायचं हे सकाळचं आहे, म्हणून मी पहिले कित्येक महिने दुपारी त्यांना गुटन टाग, म्हणजे ‘शुभ दिवस’, म्हणून सुधारायला जायची. शुक्रवारी मासे धुरावर सुकवायच्या भट्टीचा वास गल्लीभर सुटायचा, आणि मला घरच्या सुकटीची इतकी आठवण यायची की हे नाकाला रुमाल लावून बसलेले पाहून त्यांचा रागच यायचा.

वाळूवर वेताच्या मोठाल्या खुर्च्या असत, टोपली उभी करून आत बाक बसवावा तशा. वाऱ्याकडे पाठ करून लोक त्यात कोट घालून बसायचे आणि म्हणायचे, काय छान उन्हाळा आहे! मी स्वेटरवर स्वेटर चढवून त्यांच्याकडे बघत बसे. आज एर्लांगेनमध्ये लेकाच्या गरम घरात बसले आहे, नातू मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून उत्तर देतो, सगळं सुखात आहे. पण खरं सांगू? त्या कुडकुडणाऱ्या वाळूसाठी जीव अजून तुटतो.

खाली मालकीणबाई राहायच्या. साठीच्या, विधवा, ताठ कण्याच्या. मी त्यांना आडनावाने हाक मारायची, त्या मला अहोजाहो करायच्या. नियम पक्के: दुपारी एक ते तीन शांतता, जिना पुसायची पाळी शनिवारी, कुंपणावर ओलं फडकं टाकायचं नाही. माझ्या फोडणीचा वास पहिल्यांदा वरून खाली उतरला तेव्हा त्या काही जळतंय म्हणून पाण्याची बादली घेऊन धावत आल्या होत्या. पुढे पुढे मात्र ‘आज नाही केलंत का ते फटफट?’ असं विचारायला लागल्या.

त्यांना एकच मुलगी. नर्स होती. तिचा नवरा सुतार. त्या वर्षी दोघांनी ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं, कायमचं. किती रात्री खालून आवाज यायचे! शेवटी बाई म्हणाल्या, ‘जायचं तर जा. मी धक्क्यावर येणार नाही.’ आणि खरंच गेल्या नाहीत. मुलगीही हट्टी, निघताना घरी पाय ठेवला नाही तिने. ब्रेमरहाफन बंदरातून जहाज सुटलं त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात बसून चांदीचे चमचे घासत होत्या. घासलेलेच परत घासत होत्या. मी जिन्यावरून पाहिलं आणि आल्या पावली वर गेले.

मग सुरू झालं पत्राची वाट पाहणं. पोर्ट सैदहून येईल म्हणत होत्या, आलं नाही. एडनहून येईल, आलं नाही. पोस्टमन ‘मॉइन’ म्हणून पुढच्या घरी जायचा. एक दिवस त्यांनी मला खाली बोलावलं, टेबलावर नकाशाचं पुस्तक उघडलं आणि निळ्या भागावर बोट ठेवलं. ‘हा तुमचा समुद्र ना? मुलगी आता इथे असेल. कसा असतो हो?’

कर्म माझं! इतक्या महिन्यांत मला कोणी माझ्या समुद्राबद्दल विचारलं नव्हतं. मी हरखले. मोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करून सगळं सांगितलं. या दिवसांत आमच्याकडे कोणी होडी घालत नाही, होड्या ओढून वर काढतात, लाटा रस्त्यापर्यंत येतात, समुद्र फार रागावलेला असतो, नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही! सांगता सांगता त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी पुस्तक मिटलं, ‘आभारी आहे’ म्हणाल्या, आणि दोन दिवस खालून कॉफीचा वाससुद्धा आला नाही.

‘अहो, मोठं जहाज आहे ते, मचवा नव्हे, हे सांगा ना त्यांना,’ मी यांच्या मागे लागले.

‘सांगितलं. त्या म्हणाल्या, समुद्र तुमच्या बायकोला माहीत आहे, तुम्हाला पाणी माहीत आहे.’

यावर हसावं की रडावं! माझीच जीभ, माझंच पाप. मग सुचला नारळ. हे कामासाठी हँबुर्गला गेले होते तेव्हा बाजारातून एक शेंडीवाला नारळ आणला होता, तो मी नारळीभातासाठी जिवापाड जपला होता. माहेरून पंचांगाचं पान आलेलं होतं, पौर्णिमा चार दिवसांवर. मी खाली जाऊन सांगितलं की आमच्याकडे समुद्राला नारळ देतात, मग तो शांत होतो. तुमच्या मुलीसाठी मी देणार आहे.

वाटलं, आता म्हणतील की आम्ही चर्चला जाणारी माणसं. तर म्हणाल्या, ‘मी येऊ?’

पौर्णिमेला संध्याकाळी चक्क उन्हात आम्ही तिघं लाकडी धक्क्यावर गेलो. बाईंनी रविवारची हॅट घातली होती. मी नारळाला कुंकू लावलं, त्यांच्या बागेतलं एक फूल ठेवलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, तू आणि आमचा तो, पाणी एकच ना? निरोप पोचव. बाईंनी विचारलं, काय बोलायचं असतं? म्हटलं, मनात येईल ते. त्या त्यांच्या गावच्या बोलीत बराच वेळ बोलल्या. मला त्यातलं मुलीचं नाव तेवढं कळलं. मग दोघींनी मिळून नारळ सोडला.

सोडला, आणि तो तिथेच डुलत राहिला. मी ठामपणे म्हटलं, ‘थांबा, ओहोटी लागली की जाईल.’ अर्धा तास उभ्या होतो. हे मागे उभे राहून खोकत होते. शेवटी गार वारा सुटला म्हणून निघालो, आणि घरी आल्यावर यांनी तोंड उघडलं.

‘इथे ओहोटी नसते. भरतीही नसते. असलीच तर बोटभर. वारा नेईल तिकडे पाणी जातं.’

‘मग हे आधी नाही सांगायचं?’

‘तू विचारलंस कुठे?’

काय बोलावं या माणसाला! भरती-ओहोटी नसलेला समुद्र असतो हे मला तिथे राहून वर्ष होत आलं तरी कळलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, मी वाळूवर जाते तेव्हाच नेमकी भरती असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. त्या वेताच्या खुर्च्या भाड्याने देणारा म्हातारा टोपी काखेत मारून दारात उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा नारळ! किती खूश होता सांगू. म्हणे, सकाळी वाळूवर सापडला, लाल खूणही आहे, आपल्या किनाऱ्यावर नारळ हरवणारं दुसरं कोण असणार? तर म्हटलं आपणच नेऊन द्यावा. वर एक कागद पुढे केला, वस्तू मिळाल्याबद्दल सही करा. सापडल्याची जागा आणि वेळसुद्धा लिहिलेली होती.

मी सही केली. मागे वळले तर मालकीणबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. ‘त्याने घेतला नाही,’ त्या म्हणाल्या. ‘समुद्राने घेतला नाही.’

तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्याही मनात तेच आलं होतं. पण तोंडाने मी भलतंच बोलून गेले. ‘नाही, नाही, आमच्याकडे परत येतो तोच चांगला! समुद्राने त्याचा वाटा घेतला, आता हा आपला. हा खायचा असतो.’

अगदीच खोटं नव्हतं ते. आमच्या गावात पौर्णिमेला सोडलेले नारळ पोरं पोहत जाऊन काढायची आणि तिथेच फोडून खायची, कोणी त्यांना ओरडायचं नाही. पण त्याला परत आलेला प्रसाद असं काही कोणी म्हणत नव्हतं. ते मी त्या दारात उभ्या उभ्या जन्माला घातलं.

त्यांनी नारळावरचं वर्तमानपत्र सोडलं. मग म्हणाल्या, ‘फोडा.’

मी दाराच्या दगडी पायरीवर बसले. हँबुर्गचा कधीचा नारळ, त्यात दोन रात्री पाण्यात. नासका निघाला तर काय सांगायचं? तेवढं खोटं माझ्याकडे शिल्लक नव्हतं. तीन फटक्यांत फुटला. पाणी गोड, खोबरं पांढरंशुभ्र. मी पायरीवरच रडायला लागले. त्या माझ्या शेजारी बसल्या, पायरी ओली असताना, धुतलेल्या स्कर्टसकट. तुकडा तोंडात टाकला, चावत चावत माझे डोळे आपल्या एप्रनला पुसले आणि म्हणाल्या, ‘रडू नकोस, पोरी.’ त्या दिवसापासून मी त्यांची ‘तू’ झाले. उरलेल्या खोबऱ्याचे त्यांनी ओव्हनमध्ये गोड लाडवासारखे गोळे भाजले, मी नारळीभात केला, आणि त्या पोटभर जेवल्या.

पत्र आलं ते पानं गळायला लागल्यावर. पोस्टमन गेटपासूनच ओरडत आला. बाईंनी चष्मा शोधेपर्यंत मीच पाकीट फोडलं. त्या पुटपुटत वाचू लागल्या आणि मी ऐकू लागले. मुलगी लिहीत होती की त्यांना समुद्रकाठच्या उपनगरात घर मिळालंय, लाकडी, पत्र्याच्या छपराचं. इथे लोक अनवाणी दुकानात जातात. बिछान्यात रोज वाळू सापडते. ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे तिने कपडे चुकीच्या बाजूला वाळत घातले आणि शेजारीण हसली. रस्त्याच्या कडेला नारळाची झाडं आहेत, खालून जाताना वर बघावं लागतं. बाईंनी एवढ्यात मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग शेवट मोठ्याने वाचला. ‘हिंदी महासागरात आठ दिवस जहाज असं हललं की मी बिछान्यातून उठले नाही. तू धक्क्यावर आली नाहीस म्हणून तुझ्यावर चिडले होते, आणि घरी न येता निघाले म्हणून स्वतःवर. आई, तू ये.’

पुढच्या उन्हाळ्यात त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. घर भावाच्या हवाली केलं, आम्हाला राहू द्यायच्या अटीवर. ब्रेमरहाफनच्या ज्या धक्क्यावर त्या मुलीसाठी गेल्या नव्हत्या, तिथे मी त्यांना सोडायला गेले. रविवारची हॅट होती. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘नारळ सोडशील ना? जिना शनिवारी पूस.’

पौर्णिमेला मी सोडला. आणि दुसऱ्या दिवसापासून गेटकडे डोळे लावून बसले. चार दिवस झाले, आठ झाले. शेवटी खुर्च्यावाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘मॉइन. नाही सापडला हो. वारा जमिनीवरून होता, बाहेर गेला असेल.’ मला आनंद व्हायला हवा होता, नारळ समुद्रात गेला की झालं. पण मीच तर सांगून ठेवलं होतं, परत येतो तोच चांगला! स्वतःच्याच थापेने माझी झोप उडवली. हे म्हणायचे, ‘अगं, तू ते मनाने रचलंयस.’ म्हटलं, मला माहीत आहे, गप्प बसा.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. ठसठशीत, ताठ अक्षर.

‘पोरी, आज सकाळी इथे वाळूवर तुझा नारळ सापडला. लाल खूण नव्हती, पण एवढ्या लांबून येताना पुसली गेली असणार. सापडलेल्या वस्तू इथे कुठे जमा करतात ते मी विचारलं, तर मुलगी हसता हसता खालीच बसली. मग मी पायरीवर बसून फोडला. पाचव्या फटक्यात फुटला, तुझ्याइतकं जमत नाही. अर्धा मी खाल्ला, अर्धा तिने. चांगला होता.’

मी ते यांना वाचून दाखवलं. यांची पीएचडी तोवर पुरी झाली होती, कुठलं पाणी कुठे जातं आणि कुठे जात नाही यावर. यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. मग पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, ‘पोचला म्हणायचा.’