देखाव्यातलं आईचं वाक्य

अमेरिकेने अफगाणिस्तानातून सैन्य परत न्यावं की नाही, यावरून आमच्या थेरगावातल्या गल्लीत दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. एक गणपती मंडळाचे अध्यक्ष, दुसरे खजिनदार. दोघे इथल्याच जुन्या शेतकरी घरातले, सख्खे चुलतभाऊ, पण पक्ष वेगळे, आणि महापालिकेचं तिकीट दोघांनाही हवं होतं. त्या देशाशी त्यांचा संबंध फार तर सुक्या मेव्यापुरता.

खरा संबंध होता आमच्या घराचा. माझा धाकटा भाऊ तिथे अमेरिकन सैन्याच्या तळावर जनरेटर दुरुस्त करायचं काम करत होता. सैन्य निघालं की त्यालाही सोडणार होते, त्याआधी नाही. आई त्या एका बातमीकडे डोळे लावून बसली होती.

त्या वर्षी मंडळाने याच युद्धावर जिवंत देखावा करायचं ठरवलं. संवाद लिहिणं दरवर्षीप्रमाणे माझ्या गळ्यात. चाकणला पहिली शिफ्ट करून यायचं आणि मग परदेशी सेनापतींना मराठीतून भांडायला लावायचं! शेवटी एक सैनिक पाठीवर बॅग टाकतो, मागून त्याच्या आईचा आवाज येतो आणि पडदा पडतो. आवाज द्यायला कुणी बाई मिळेना, म्हणून मी आईलाच मोबाइलसमोर बसवलं. मी लिहिलेलं वाक्य चांगलं लांबलचक, अलंकारिक होतं. ते तिने वाचलंच नाही.

"लेकरा, लई झालं रं. ये आता घरला," एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला उठली. मी ते तसंच ठेवलं.

पहिल्या दिवशी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या दिवशी खजिनदार तावातावाने मंडपात आले. "सैन्य माघारी जातं, ही त्यांच्या पक्षाची लाइन हाय. मंडळ काय त्यांच्या मालकीचं हाय व्हय?" त्यावर अध्यक्ष त्यांच्याकडे न बघता आम्हाला म्हणाले, सैन्य जाणार म्हणजे जाणार, एक शब्द बदलायचा न्हाई. टीव्हीवर कुणाचा नेता आधी काय बोलला, त्यावरून दोघांची मतं ठरली होती. नेते उलट बोलले असते तर हेही उलट भांडले असते.

मग दोघांनीही मला वेगवेगळं गाठलं आणि शब्दही तेच वापरले. "राव, तुमचा भाऊ तिथं हाय. तुमी तर आमच्या बाजूनं पायजे."

"मला तो घरी पाहिजे," मी म्हणालो.

"ते हायच हो. पण तुमची भूमिका काय?"

दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहून आलेल्या माणसाला भूमिका नसते, त्याचे पाय दुखतात. रागही आला होता, पण तो करायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

विसर्जनाच्या दोन दिवस आधी ज्येष्ठांनी दोघांना समोरासमोर बसवून तडजोड केली. सैन्य जाणारही नाही आणि राहणारही नाही. सैनिक बॅग उचलेल आणि भारदस्त आवाज येईल, 'निर्णय जनतेचा!' आईचं वाक्य काढलं.

तिला सांगायचं माझ्याकडून राहिलंच. रोजच्यासारखी ती मंडपासमोरच्या आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली. आपलं वाक्य आलं की तिचे ओठ हलायचे. त्या संध्याकाळी ते हलले, आणि स्पीकरवरून भलताच आवाज आला. पडदा पडला. टाळ्याही पडल्या.

"माझं काढलं व्हय रं?"

"हो."

"कुणी?"

"दोघांनी मिळून."

"म्हंजी बोलाया लागले की दोघं," ती म्हणाली. "बरं झालं." आणि खुर्ची उचलून आत गेली.

मला राहवेना. मी ते काढलेलं रेकॉर्डिंग भावाला पाठवलं आणि खाली सगळा किस्सा लिहिला. त्याने ते ऐकल्याचं दिसलं. मग एक ओळ आली, 'दादा, मग मंडळाचं काय ठरलं? आम्ही यायचं का नाही?'

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय म्हणतोय?"

"जेवलो म्हणतोय," मी म्हणालो.