खाडीवर दोन कॅमेरे

पर्समध्ये मावेल आणि तरी लेन्स बदलता येईल, असा कॅमेरा मला हवा होता. नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही ऐरोलीला नवे नवे राहायला आलो होतो आणि मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नोकरी करत होते. सोसायटीतले एक शेजारी बँकेत अधिकारी होते, फोटोग्राफीचे मोठे शौकीन. त्यांच्याकडे दोन कॅमेरे होते. एक जडशीळ, लांबलचक झूमचा. दुसरा तळहाताहून जरासा मोठा, पन्नास मिलिमीटरची आखूड लेन्स लावलेला. छोटा न्यायला सोपा, पण त्याला लेन्स फारशा मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही वापरून बघा आणि मगच ठरवा, असं ते म्हणाले, आणि रविवारी सकाळी आम्ही खाडीवर गेलो.

पाणी दिसायच्या आधी वास आला. कुजलेला, आणि त्यात काहीतरी औषधी, घशाला चरचरणारं. काठाच्या चिखलात मेलेले मासे पांढरी पोटं वर करून पसरले होते. रात्रीतून कुठल्यातरी कारखान्याने पाणी सोडलं होतं. एक कोळीण गुडघाभर चिखलात उभी राहून काळं, बुळबुळीत झालेलं जाळं ओढत होती.

शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल बांधला आणि खूश होऊन झूम लावली. "बघा वहिनी, हा फायदा. घाणीत जायला नको, इथूनच चेहरा भरून येतो." मग त्यांनी तिला जाळं पुन्हा वर धरायला सांगितलं. तिने धरलं. उजेड मागून यायला हवा म्हणून वळायला सांगितलं. ती वळली. मग लेन्स बदलायची म्हणून तसंच थांबायला सांगितलं, आणि ते बॅगेत चाचपडत राहिले. जाळ्यातून काळं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं.

माझ्या हातातल्या छोट्या कॅमेऱ्यात जवळ गेल्याशिवाय काही येत नव्हतं. चपला काढून मी चिखलात उतरले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जाळं खाली टाकलं.

"माजा फोटू नको, बाय," ती म्हणाली. "मासल्यांचा काड. त्यो नळ हाय ना, तेचा काड. साहेबाला दावाला पायजे."

मी काढले. कारखान्याचं पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी साचलेला पिवळा फेस, त्यात अडकलेले बोयी मासे, तिची जाळी. रोल संपेपर्यंत काढले. पाय नंतर दोन दिवस खाजत होते. शेजारी वरून हाका मारत होते, कोवळा उजेड चाललाय म्हणून.

फोटो धुऊन आल्यावर ती आणि तिच्या पाड्यातल्या चार बायका अर्ज घेऊन प्रदूषण खात्याच्या कचेरीत गेल्या. मीही रजा टाकून बरोबर गेले. साहेबांनी फोटो एका कोपऱ्याला धरून उलटले, जणू फोटोंनाच वास येत होता. हे मासे याच खाडीतले कशावरून, असं त्यांनी विचारलं. मग चहा मागवला, स्वतःपुरता. अर्ज ठेवून घेतला. त्यावर काहीच झालं नाही.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात शेजाऱ्यांनी आपला फोटो मोठा करून लावला होता. कोळीण, जाळं, मागून सोनेरी उजेड. खाली लिहिलं होतं, 'सागरकन्या'. लोक मोदक खात खात वाहवा करत होते. किती छान झूम, असं कुणीतरी म्हणालं. वास कुठेच नव्हता त्यात. मी प्रसाद न घेता घरी आले.

मी शेवटी तसा छोटाच घेतला, एका लेन्सचा. वाहून न्यायला सोपा, असं घरी सांगितलं. ती कोळीण पुढे घाऊक बाजारातून मासळी आणून नाक्यावर विकायला बसू लागली. मी तिच्याकडून घ्यायचे, शिजवायचे, घरच्यांना वाढायचे. स्वतः मात्र कित्येक वर्षं तोंडात घालू शकले नाही.