युस्मारीच्या आईची कबर

युस्मारी होडीतून व्हेनेझुएलाचा किनारा सोडून त्रिनिदादला आली, त्याला आठ वर्षं झाली. मोर्न कासाव या डोंगरगावाच्या उतारावर ती मसाल्याच्या हिरव्या पाल्याच्या जुड्या बांधते. हात असा चालतो की गावच्या बायका म्हणतात, हिला बोटं बारा असावीत. तरी नाव कुणी घेत नाही. भाषेवरून ‘ती स्पॅनिश’, एवढंच.

मंगळवारी पहाटे तिची आई गेली. युस्मारीनं तिचे केस विंचरले, भांडी घासली, आणि घासलेलीच पुन्हा घासली. आतून काही हलत नव्हतं. डोक्यात एकच होतं, आईला याच डोंगरावर माती मिळावी. पाद्रीबाबांनी चर्चमागची जागा दिली. पण खणणार कोण? गावात कुणाच्या दारी जावं, आणि नाही म्हणाले तर? तिनं खालच्या शहरातली दोन माणसं सांगून ठेवली.

बुधवारी ती त्यांना घेऊन चर्चमागे पोचली, तर गावचे सात जण कमरेएवढ्या खड्ड्यात नि काठावर उभे. मोर्न कासावात कबर खणायला बोलावणं नसतं. मयताची बातमी कळली की फावडं उचलायचं. परकी माणसं भाड्यानं आणणं म्हणजे गावाच्या तोंडावर दार आपटणं. आठ वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ही सांगायची गोष्टच नव्हे.

म्हातारा टायटसकाका खड्ड्यातूनच बघत राहिला. शहरातल्या दोघांशी तो अदबीनं बोलला, बसा म्हणाला. मग हिच्याकडे वळला.

“आम्ही काय मेलो होतो गं?”

“काका, मला वाटलं, मी बाहेरची...”

“बाहेरच्यांशी मी कसा बोललो, ऐकलंस ना? तुला तसा मान मिळायचा नाही. तुला शिव्याच बसतील.”

खड्ड्यातला एक जण म्हणाला, “काका, तुमची पाळी आली की हिच्याच हाती फावडं देऊ.”

“दे. तुझ्यासारखं वाकडं तर खणणार नाही.”

हसले सगळे. युस्मारी नुसती उभी होती. शेजारच्या ऑर्मामावशीनं तिचं कोपर धरलं आणि सांगितलं, खणणाऱ्यांना मयताच्या घरची कॉफी लागते, उभी काय राहतेस.

ती घरी गेली, पाणी ठेवलं. माणसं नऊ, कप आठच. नववा आईचा होता; तो तिनं विसळला, बाकीच्यांत ठेवला आणि ताट उचलून चढाला लागली.