अवालीच्या बंगल्यातलं कपाट

बहारीनची राजधानी मनामा सोडून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात समुद्र दिसेनासा होतो आणि रस्त्याच्या कडेनं तेलाचे पाइप सोबतीला येतात. माझा भाचा मनामातल्या एका बँकेत आहे. गाडी चालवताना तो म्हणाला, "मावशी, लोक इथे मोती बघायला येतात आणि तू अमेरिकनांची जुनी घरं बघणार?" मला जुन्या घरांची खोड आहे, तिला इलाज नाही. वाटेत करक (दुधात उकळलेला कडक चहा) पाजून त्यानं मला अवालीत सोडलं आणि तो ऑफिसला पळाला.

अवाली ही तेल काढायला आलेल्या साहेबलोकांसाठी वसवलेली वसाहत. आखीव रस्ते, बसके बंगले, पाणी घालून घालून जगवलेली झाडं. मी बघायला गेले तो बंगला एका अमेरिकन मॅनेजरचा होता. आता तिथे कॉन्फरन्स सेंटर झालंय. दिवाणखान्यात लांबलचक टेबल, निजायच्या खोलीत प्रोजेक्टर, बाथटबमध्ये रचून ठेवलेल्या खुर्च्या. खरं सांगते, माझा विरस झाला. व्हरांड्यातल्या खांबाला टेकले, तर त्याचा रंग ओला निघाला. उजवी बाही पांढरीफटक झाली.

"सॉरी, सॉरी आंटी! वेट पेंट आहे." सेंटरची मॅनेजर टर्पेंटाइनची बाटली घेऊन धावत आली. हिचं नाव सना. घराणं रत्नागिरीकडचं, पण जन्म आणि शाळा बहारीनमधली. मी पुण्याची आहे हे कळताच तिनं बाही पुसायची सोडून विचारलं, "आंटी, तुम्हाला मराठी वाचता येतं?"

पुणेकराला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मी येतं म्हणाले.

सनाचे आजोबा याच बंगल्यात खानसामा होते. आदल्या दिवशी रंगाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागचा जुना कागद सोलला, तेव्हा आत पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी सापडलं. सनाला ते वाचता येईना. तिचे वडील इथेच, अरादला राहतात, सत्तरीतले, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्यावर पट्टी. त्यांचे सकाळपासून चार फोन आले होते.

"डॅडींना एकच विचारायचंय, माझं काय लिहिलंय का," सना म्हणाली. "ते पाच वर्षांचे झाले तेव्हा आजोबांनी त्यांना फर्स्ट टाइम पाहिलं. अजून राग आहे. म्हणतात, मी जन्मलो त्याचं बापाला काय पण नव्हतं."

बॉसचा हुकूम होता, दुपारपर्यंत सगळं पांढरं व्हायला हवं. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, तेव्हा रंगारी ब्रश घेऊन दारात उभा होता आणि सारखं घड्याळ बघत होता.

अक्षर मात्र नीटनेटकं. मी चष्मा पुसून वाचायला लागले. 'टर्की. चार तास भट्टीत. दर अर्ध्या तासानं लोणी लावणे.' त्याखाली, 'केक. मैदा दोन सायबी कप, आपली वाटी घेऊ नये. अंडी चार. घोटताना हात थांबवू नये. मेमसाब दुसऱ्यांदा सांगत नाही.' पुढे सूप, पुडिंग, सॅलड. सगळी साहेबाची जेवणं. घरच्या माणसांचा कुठे उल्लेख नाही. सनाचा चेहरा उतरत चालला होता.

मग अगदी खाली, बिजागरीपाशी, एक तिरकी ओळ होती. मी ती त्याच सुरात वाचून टाकली: 'आज केक करपला. मुलगा झाल्याची तार आली.'

वाचल्यावर मला अर्थ लागला.

"मुलगा एकच," सना हळूच म्हणाली. "बाकी सगळ्या माझ्या फुफ्या (आत्या)." तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काय लिवलान बापानं?" पलीकडून लगेच आवाज आला.

मी वाचून दाखवलं.

"करपला? बापाचा केक?"

"हो. तसंच लिहिलंय."

"परत वाचा बघू, ताई."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

"त्याच्या हातचं कधी काय करपलं नाय हो," ते म्हणाले. "सायेब लोक घड्याळ लावायचे त्याच्या कामावर. कधी म्हंजे कधी नाय." आणि ते रडायला लागले. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

सनानं रंगाऱ्याकडे वळून हिंदीत सांगितलं, "भैया, ये दरवाज़ा छोड़ दो. खलास (विषय संपला)." बॉसला काय सांगायचं ते तिचं ती बघणार होती.

संध्याकाळी भाचा न्यायला आला. बंगला कसा होता, त्यानं विचारलं. मी बरा होता म्हणाले. चार दिवसांनी परतीच्या विमानात टिपण करायला वही उघडली, तर व्हरांडा कुठल्या दिशेला होता तेही आठवेना. इतकी वर्षं मी जुनी घरं बघत हिंडते आणि पहिला प्रश्न विचारते तो हाच, की हे कोणी बांधलं. त्या घरात राबताना कोणाचं लक्ष कधी उडालं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.