खळ लावलेलं विमान

आमच्या घरात कुणी कुणाला प्रेमानं जवळ घेतलंय असं मला आठवत नाही. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि दोन्हीच्या वर मागाचा खडखडाट. अम्मा विड्या वळायची. नायना खळ लावण्यात पटाईत होता. पहाटे गल्लीभर ताणा पसरायचा, म्हणजे साडीचे उभे धागे, आणि त्यांवर कुंच्यानं पिठाची खळ चढवायची. धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. सोलापुरातल्या आमच्या पेठेत कुणाची खळ बिघडली की तो नायनाकडे यायचा. खळीच्या बाबतीत नायनाचा शब्द शेवटचा असायचा. बाकीच्या बाबतीतही शेवटचाच, पण तो घरापुरता.

मी मॅट्रिक पास झाले त्या उन्हाळ्यात मला कॉलेजात जायचं होतं आणि नायनाला माझं लग्न उरकायचं होतं, तेही अम्माच्या धाकट्या भावाशी. आमच्यात मामाचा भाचीवर हक्कच धरतात. मामा दिसायला बरा होता, कामाला वाघ होता, सगळं खरं. पण त्यानं मला कडेवर घेऊन शेंबूड पुसलेला. त्याच्याशी लग्न कसं करायचं? हे मी एकदा तोंडानं बोलले आणि थोबाडीत खाल्ली.

विमानाचं खूळ त्याआधीपासूनचं. रद्दीतून आलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात चित्र होतं. तळ्याच्या पाण्यावर बसलेलं प्रवासी विमान, खाली होडीसारखं पोट, वर लांब पंख. शाळेत भूगोलाच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या लढाईत जागोजाग धावपट्ट्या झाल्या आणि ही विमानं मोडीत निघाली. मी म्हटलं, आणि लढाई झालीच नसती तर? बाई म्हणाल्या, गप बस आणि नकाशा भर.

गप बसले आणि मनातल्या मनात लढाई रद्द करून टाकली. माझ्या दुनियेत धावपट्ट्या कुणी बांधल्याच नाहीत. मुंबईहून मद्रासला जाणारी विमानं पाण्यावरच उतरायची, आणि होटगीला आगगाडी थांबते तशी वाटेत आमच्या कंबर तलावात थांबायची. उतारू काठावर येऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे, तोंड पोळलं म्हणून पाणी मागायचे. विमानाला दोन मजले, चार इंजिनं. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी एक जागा माझी. तिथं बसून मी कुठं चालले होते ते ठरलेलं नव्हतं. त्या घरातून निघाले होते, मला तेवढं बास होतं.

तेच विमान मी करायला घेतलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, सूत गुंडाळून बांधलेला. मागावरच्या, धागा गुंडाळायच्या मोडक्या कांड्यांची चार इंजिनं. खिडक्यांना मिठाईच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद. पाण्यात डोलू नये म्हणून पोटात लोखंडी नट. वर मांजरपाट ताणून शिवला. पंख एवढे लांब झाले की रात्री ते बाजेखाली मावायचं नाही, अम्मा त्याला अडखळायची आणि मला शिव्या घालायची.

एका संध्याकाळी मामा आला होता. विमान बघून हसत सुटला. शेजारचेही दारात जमले. नायनानं विचारलं, "पाण्यावर राहील का हे?"

"राहील की," मी म्हटलं.

"माझी एक विडी ओढून होईपर्यंत राहिलं तर तू कॉलेजात जा. बुडालं तर गपगुमान मामाच्या घरी जायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. नाही म्हणून सांगते कुणाला? निदान यात एक दार किलकिलं होतं.

कापडातून पाणी झिरपेल, एवढी अक्कल मला होती. मी नायनाकडे रोगण मागितलं. तो म्हणाला, "रोगण कशाला? मी खळ लावून देतो. पत्र्यासारखं करून देतो."

"पाण्यात टिकंल?"

"तेल घातलंय खळीत. पाणी शिवायचं नाही."

आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं काम बाजूला ठेवून तो माझ्या विमानाला खळ लावत बसला. कुंचा असा हलका चालवत होता की एक सुरकुती राहिली नाही. उन्हात वाळल्यावर टिचकी मारली तर डबा वाजावा तसं वाजलं. त्यानं माझ्यासाठी एवढा वेळ आयुष्यात त्या एकाच दिवशी दिला. मी भरून पावले. वेडी कुठली! मला वाटलं, बाप आतून माझ्या बाजूचा आहे.

लोक विचारतात, विणकराची पोर असून तुला खळ कळली नाही? नाही कळली. आमच्या घरातून कापड ताठ होऊन बाहेर जायचं. पुढं कुणाच्या घरी ते धुतल्यावर त्याचं काय होतं, ते बघायला आम्ही जात नव्हतो. आमच्या अंगावर जुनेरंच असायचं, दहा पाण्यांतून निघालेलं. नवं कोरं लुगडं पहिल्यांदा पाण्यात बुडवायचा योग माझ्या अम्माला लग्नानंतर आला नव्हता.

रविवारी सगळे तलावावर गेलो. दुष्काळात भेगाळलेला तलाव गेल्या पावसाळ्यात पुन्हा भरला होता. अर्धी गल्ली तमाशा बघायला मागून आली. निघताना अम्मानं नायनाच्या हातात एक विडी दिली. मी ती विडी बघितली. काडीएवढी बारीक, तंबाखू जेमतेम. कारखान्यात दिली असती तर तिच्या तोंडावर फेकली असती. सबंध जन्मात अम्मानं माझ्यासाठी उघड असं काही केलं नाही. ही विडी मात्र केली.

मी विमान पाण्यात सोडलं. काय सुंदर उभं राहिलं ते! पंख सरळ, शेपूट वर, पोट पाण्याला नुसतं टेकलेलं. हसणारे पुढं सरकून बघायला लागले. मी मागं वळून म्हटलं, "पेटव."

नायनानं अम्माची विडी बोटांत फिरवून बघितली, अम्माकडे बघितलं आणि ती कानावर अडकवली. मग खिशातून दुसरी काढली. जाड, घट्ट वळलेली. ती पेटवली आणि सावकाश, मध्येच थांबत, गप्पा मारत ओढायला लागला.

आधी पोटाखालचं कापड सैल पडलं. मग पाणी पांढुरकं झालं, भात वेळल्यावर होतं तसं. खळ सुटत होती. कापड कामट्यांना चिकटलं, विमानाच्या फासळ्या दिसायला लागल्या, एक पंख कलला. मी नायनाच्या हाताकडे बघत होते. विडी अजून अर्धी होती. नटांनी त्याला नाकावर खाली ओढलं आणि शेपूटही गेलं. लोक टाळ्या पिटून हसले. मामा म्हणाला, "चला, आता नवरीला तरी कोरडी घरी न्या."

मी नायनाला तिथंच विचारलं, सगळ्यांसमोर. "खळ पाण्यात सुटते हे तुला ठाऊक नव्हतं?"

"गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं," तो शांतपणे म्हणाला. "तुला एवढंही कळत नाही. कॉलेजात जाऊन काय दिवे लावणार होतीस?"

मी त्याला तेव्हा माफ केलं नाही आणि तो गेल्यावरही केलेलं नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

परत निघालो. नायना पुढं, मामा त्याच्या बरोबर लग्नाच्या गोष्टी काढत, मागं अम्मा आणि मी. थोडं चालल्यावर नायनानं कानावरची ती बारीक विडी काढून पेटवली. बांधावरून रस्त्याला लागायच्या आत ती जळून संपली. माझं विमान त्याहून कितीतरी जास्त वेळ पाण्यावर उभं होतं. अम्मानं माझा दंड घट्ट धरला. नायनानं थोटूक चिखलात टाकलं आणि मागं न बघता म्हणाला, "पाय उचला गं, घरी कामं पडलीत."