न केलेल्या चोरीची कबुली

त्या बाईची कबुली माझ्या कानांतून अजून गेलेली नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत केलेली चोरी नाकारणारे मी पुष्कळ पाहिले. न केलेली चोरी आग्रहाने स्वतःच्या अंगावर घेणारी ती एकटीच.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात साठीच्या एक बाई जावयाला बरोबर घेऊन आल्या. मूळच्या कोकणातल्या, पण नवऱ्यामागोमाग विलायतेत जाऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी सुनेला घेऊन त्या इकडे आल्या होत्या आणि अंधेरीत लेकीकडे उतरल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी सून लेकीचे दागिने घेऊन पळाली, अशी त्यांची फिर्याद होती. सून पाच महिन्यांची गरोदर आहे, हे त्यांनी सही करता करता सांगितलं.

मी गुन्हा नोंदवला. आरोपी देशाबाहेर जाऊ नये म्हणून तिचा पासपोर्ट द्या म्हटलं, तर बाईंनी तो लगेच पर्समधून काढून दिला. पळून जाणारी सून पासपोर्ट सासूच्या पर्समध्ये ठेवून गेली, याचा मला तेव्हाच विचार पडायला हवा होता. पडला नाही.

माझा हवालदार पंचनाम्याला गेला. तिथल्या कामवालीला त्याने दरडावलं. आता चोरीचा आळ आपल्यावर येणार असं वाटून तिने सांगून टाकलं, की सुनेची मावशी मुलुंडला राहते. तिला पुढे आणखी काही बोलायचं होतं, पण हवालदार पत्ता घेऊन जिना उतरला.

मुलुंडच्या चाळीत मावशीने दार अडवलं. तिचा नवरा गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात वॉचमन झाला होता आणि तेव्हा कामावर होता. "साहेबानू, हिणा चोरी करूक नाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सून तिच्या मागून पुढे आली. पंचविशीची, उभ्या अंगाची बाई. पायांत चपला नव्हत्या. आमच्याबरोबर महिला पोलीस होती, तिच्याकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "चोरी मीच केली. मला आत टाका."

ठाण्यात आणून मी विचारपूस सुरू केली. काय काय घेतलं? म्हणाली, बांगड्या. किती? चार. फिर्यादीत बांगड्या नव्हत्याच. एक हार आणि कानांतल्या कुड्या होत्या. दागिने कुठे आहेत, विचारलं तर म्हणाली, खाडीत टाकले. कुठल्या खाडीत, हे तिला सांगता येईना. खरा चोर प्रत्येक प्रश्नाला मागे सरतो. ही पुढे येत होती. मी फाइल मिटली आणि जामीन होऊन आज घरी जाता येईल, सासूबाई न्यायला येतील, असं सांगून पाहिलं. त्यावर ती पहिल्यांदा घाबरली.

"साहेब, चोर म्हणून ठेवा, काय वाटेल ते लिहा. पण त्यांच्या ताब्यात देऊ नका. उद्या सकाळी ते माझं पोर पाडणार आहेत."

मग सगळं बाहेर आलं. तिला दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिकडचे डॉक्टर मुलगा की मुलगी हे बघण्यासाठी पोटात सुई घालून गर्भाशयातलं पाणी तपासायला तयार होईनात. इकडे मात्र त्या चाचणीच्या जाहिराती उघड भिंतींवर लागत होत्या. बाळाची तब्येत बघायची आहे, असं सांगून सासूने तिला इथल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. अहवाल आला, मुलगी आहे. ती नाही म्हणाली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप लागलं. दोन्ही मुली विलायतेत नवऱ्यापाशी होत्या. ऐकलं नाहीस तर त्या पुन्हा दिसणार नाहीत, हेही तिला ऐकवलं होतं.

हवालदाराला मी परत कामवालीकडे पाठवलं आणि या वेळी फक्त ऐकून ये म्हटलं. कुलूप तिनेच उघडलं होतं. बाई रिकाम्या हाताने, अनवाणी गेली, असा तिने जबाब दिला.

वरिष्ठ म्हणाले, घरगुती मामला आहे, समजूत घालून पाठवून दे. त्यांचंही सगळंच चूक नव्हतं. चाचणीला बंदी करणारा कायदा तेव्हा झालेला नव्हता. पण बाईच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करणं तेव्हाही गुन्हाच होता. मी म्हटलं, सर, मला दोन दिवस द्या. त्यांनी एक दिला.

तिला महिला पोलिसाबरोबर सरकारी इस्पितळात तपासून घेतलं आणि मावशीच्या हवाली केलं. मग मी नर्सिंग होममध्ये गेलो. डॉक्टर निर्धास्त होते. चाचणी कायदेशीर आहे, पेशंटची लेखी संमती आहे, असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. चाचणीला आणि लागल्यास गर्भपाताला, अशी दोन्हींना एकाच कागदावर संमती होती. खाली सुनेचं नाव, सही, तारीख. तारीख बघून मी खिशातला पासपोर्ट काढला. सहार विमानतळाचा शिक्का त्यानंतर चार दिवसांनी पडलेला होता.

कागद जप्त केला आणि जावयाला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवायची गरज पडली नाही. दोन्ही गोष्टी टेबलावर शेजारी ठेवल्या आणि विचारलं, ही बाई विलायतेत असताना अंधेरीत सही कुणी केली? तो म्हणाला, "मी. सासूबाईंनी फोनवरून सांगितलं होतं." दागिने त्याच्याच कपाटात, साड्यांखाली मिळाले.

सासूबाईंना राग आला नाही, की रडू आलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्याभोवती तुमची माणसं आहेत. तिकडे आमच्या गल्लीत मेलं तरी खांदा द्यायला आपलं माणूस नाही. नातू नसला तर तिकडे आमचं राहिलं काय?" मी त्यांना विचारलं, त्या दोन नाती कुणाच्या?

त्यांच्या मुलाला ट्रंक कॉल लावला. तो आधी म्हणाला, आई सांगेल तसं. मी त्याला सांगितलं, की आईवर खोट्या फिर्यादीची आणि सुनेला कोंडून ठेवल्याची कारवाई होणार आहे आणि त्याची बायको मुलींशिवाय कुठलाही समझोता करणार नाही. पंधरा दिवसांनी तो दोन्ही मुलींना घेऊन आला. माझ्या टेबलासमोर धाकटी आईला बिलगली, थोरली मात्र लांबच उभी राहिली. तिला सांगितलं होतं, की आई तुम्हाला टाकून गेली. ती जवळ यायला अर्धा तास लागला.

चोरीची फिर्याद खोटी ठरली. सहीचा खटला कोर्टात चालला, पण बरीच वर्षं रेंगाळून पुराव्याअभावी जावई सुटला. डॉक्टरांविरुद्ध मी काहीच करू शकलो नाही. चाचणीबंदीचा कायदा आला तो दशकाच्या शेवटी. त्याचं परिपत्रक हजेरीत मीच वाचून दाखवलं, तेव्हा ते डॉक्टर नर्सिंग होमच्या त्याच इमारतीत बसत होते.

त्या बाईने बाळंतपण मुलुंडलाच केलं. मावशीचा नवरा ड्यूटीच्या खाकी शर्टातच ठाण्यात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. हवालदाराने पेढे बघून विचारलं, "मुलगा झाला काय?"

"मुलगी," तो म्हणाला. "बर्फी आणणार होतो. पण बायको म्हणाली, पेढेच ने."

पुढे नवरा इकडेच राहिला, की ती त्याच्याबरोबर परत गेली, हे मला ठाऊक नाही. विचारायचा मला हक्कही नव्हता. स्वतःपुरतं मात्र मी शिकलो. सकाळी फिर्याद घेतली तेव्हा मीही तिला चोरच धरलं होतं. तिने चार बांगड्यांऐवजी चुकून एक हार म्हटलं असतं, तर मी तिची कबुली नोंदवून, काम चोख झालं असं समजून जेवायला गेलो असतो. त्यानंतर कुणी भराभर गुन्हा कबूल करू लागलं की मी पेन खाली ठेवत असे आणि आधी विचारत असे, बाहेर तुला कुणाची भीती आहे?